चांगल्या प्रतीचा अंधार

वाशीम जिल्ह्यात पाहण्यासारखं आहे तरी काय, असं मला आजवर इतक्या जणांनी विचारलंय की आता तो प्रश्न ऐकला तरी डोकं तापतं. तुम्ही या तर आधी, मग सांगते, हे माझं ठरलेलं उत्तर. यंदा चैत्रात पुण्याहून दोघं खरंच आले. चार दिवस राहिले. आणि मन भरून पाहिलं ते काय, तर आमचा अंधार.

त्या चार दिवसांत मी माझ्याच जिल्ह्यातून फिरले. वाशीमहून आसेगाव, तिथून मानोऱ्याकडचा एक तांडा. अंतर म्हणाल तर काहीच नाही. पण परक्यांना सोबत घेऊन आपल्या मुलखातून जाणं हा वेगळाच प्रवास आहे. आपलंच घर पाहुण्याच्या डोळ्यांनी दिसायला लागतं आणि राग येत राहतो, कधी पाहुण्यांचा, कधी घराचा. तांड्याचं नाव मी लिहिणार नाही. लिहिलं तर अंधार पाहणाऱ्यांची रांग लागेल.

वाशीम

मी वाशीमच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवते. आमच्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे सांगताना मी कधी आवाज खाली घेत नाही. गेल्या वर्षी पुण्याच्या एका संशोधन गटानं आमच्यासारख्या शिक्षकांना एक काम दिलं. मोठ्या दुर्बिणीनं काढलेले फोटो संगणकावर पाहायचे आणि त्यांत दोन तऱ्हेच्या दीर्घिका हुडकायच्या.

दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचं गाव. आपण राहतो ती आकाशगंगा त्यातलीच एक. अशा शेकडो दीर्घिका एकमेकींना धरून असतात, तो दीर्घिकांचा समूह. या समूहांत काही दीर्घिका अशा असतात की विस्तार आपल्या आकाशगंगेएवढा, पण तारे शंभरात एक, कधी त्याहूनही कमी. इतक्या विरळ की त्यांच्या आरपार मागचं दिसतं. फोटोत त्या काचेवर ओलं बोट टेकल्यासारख्या येतात. दुसऱ्या याच्या अगदी उलट. कोट्यवधी तारे काही शे प्रकाशवर्षांच्या जागेत कोंबलेले, इतक्या घट्ट की फोटोत साध्या ताऱ्याचा ठिपका वाटतात. दोघीही वर्षानुवर्षं फोटोत होत्याच. पहिलीला लोक आकाश समजले, दुसरीला तारा.

कन्या राशीतल्या समूहाच्या एका फोटोत मला पहिल्या तऱ्हेचा एक पुसट डाग सापडला. गटाच्या यादीत तो नव्हता. मी खूण करून पाठवला. उत्तर आलं एका ओळीचं: शेजारच्या ठळक ताऱ्याचा भटका उजेड आहे, काढून टाकला.

काढून टाकला! कॉलेज सुटल्यावर कितीतरी संध्याकाळी मी त्या डागासमोर डोळे फोडले होते. मी सरळ गटाच्या प्रमुखांना, मुकुंद सरांना, फोन लावला. म्हटलं, "सर, दुसऱ्या जागेवरून, दुसऱ्या भिंगातून आकाशाचा तोच तुकडा टिपला आणि डाग तिथंच आला, तर?"

"तर तो भटका उजेड नाही, कारण तो त्या त्या भिंगाच्या आतच उसळतो. मी माझ्या हातानं यादीत टाकेन. पण त्याला फार काळोखी जागा लागेल."

"आहे. आमच्या वाशीम जिल्ह्यात."

"वाशीम म्हणजे अकोल्याच्या खाली ना?"

खाली! जसं काही अकोल्याला तळघर आहे.

पण माणूस शब्दाचा निघाला. चैत्रातल्या अमावास्येच्या आधी स्वतः गाडी चालवत आला, सोबत त्यांची संशोधक विद्यार्थिनी ईशा. तिचं काम दुसऱ्या तऱ्हेच्या, घट्ट दीर्घिकांवर. गाडीच्या मागच्या सीटवर कॅमेऱ्याची दोन लांबलचक भिंगं दुपट्यात गुंडाळून अशी ठेवली होती की मला वाटलं बाळंच आहेत. मला पुढं बसवलं. बसस्टँडसमोर मी दोघांना पोहे-तर्री खाऊ घातली. ईशानं तर्री दोनदा मागून घेतली. तेवढ्यावर माझी तिच्याशी मैत्री झाली.

आसेगाव

दुपारी आमच्या घरी जेवण. आईनं रोडगे केले होते. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, राख झटकायची, फोडून तूप ओतायचं, सोबत वांग्याची भाजी. सर गोळा हातात घेऊन उठले आणि नळाकडे निघाले. मला काही कळायच्या आत त्यांनी रोडगा धुतला.

आई घमेलं हातात धरून पाहतच राहिली. "अवो सर, राख हाये ते, माती नाई. फुकर मारा अन् खा. धुतलं तर त्याची चव वाहून जाते ना बाप्पा!"

सर ओशाळले. दुसरा रोडगा त्यांनी राखेसकट खाल्ला, तिसराही. एवढ्यावर सगळं गोड झालं असतं. पण बाबांनी विचारलं, "तुमी नेमकं काय हुडकून राह्यले?" ईशानं मोबाइलवर एक पुसट दीर्घिका दाखवली, आणि सर सहज म्हणाले, "आमच्यात काही जण हिला फेल्ड गॅलक्सी म्हणतात. नापास दीर्घिका. मोठी व्हायची सगळी तयारी होती, तारेच फारसे बनले नाहीत."

बाबा म्हणाले, "नापास? मंग पेपर कोनं काढला व्हता?"

सगळे हसले. मी हसले नाही. आमच्या भागात नापास हा शब्द मी फार ऐकलाय. ज्याच्याजवळ पुस्तक नव्हतं तो नापास, जो शाळेच्या दिवसांत उसाच्या फडात होता तो नापास. मी सरांना म्हटलं, "सर, तुमच्याच लेखात लिहिलंय ना, की समूहात आल्यावर तारे बनवायचा वायूच हिच्याकडून ओरबाडला गेला असेल? आणि ईशाच्या घट्ट दीर्घिकांपैकी काही म्हणजे मोठ्या दीर्घिकांचे उरलेले गाभे, बाहेरचे तारे शेजारच्यांनी ओढून नेले?"

"असा एक अंदाज आहे."

"मग ज्याचं लुटलं तो नापास कसा?"

"शास्त्रातला शब्द आहे हो, मनाला लावून घेऊ नका."

मनाला लावून घेऊ नका! शब्द तुमचा, मन आमचं, आणि शहाणपण पुन्हा तुमचंच. आईनं माझ्या ताटात न विचारता आणखी वांगं वाढलं. मी गप्प बसावं म्हणून ती असंच करते.

तांडा

मानोऱ्याच्या पुढं डांबर संपतं. पळसाचा बहर ओसरला होता, सागाला पान नव्हतं, काळ्या दगडांची बरड उन्हात भाजून निघत होती. मोहाच्या झाडाखाली मात्र फुलं वाळत घातलेली आणि वास असा की गाडीच्या बंद काचांतूनही आत आला. या तांड्यातली सुनीता माझी कॉलेजातली मैत्रीण. आता ती सासरी आहे, पण तिच्या आईला मी अजून तिच्यासारखीच याडी म्हणते. त्यांच्या बंजारा बोलीत याडी म्हणजे आई. सुनीताचे वडील परसराम काका तांड्याचे नाईक, म्हणजे प्रमुख. कॅमेरा लावायला त्यांनी घरामागची बरड दिली, बॅटरी ट्रॅक्टरची काढून दिली, झोपायला ओसरी दिली.

उतरल्या उतरल्या सरांनी चौफेर पाहिलं. डोंगराच्या कडेनं घरं लांबवर पसरलेली, बहुतेकांना कुलपं. दिवेलागणीची वेळ होत होती आणि दिवे लागत नव्हते.

"वा!" सर म्हणाले. "काय चांगल्या प्रतीचा अंधार आहे! असा आता पैसे देऊन मिळत नाही."

काकांनी वेशीवरच्या कडूलिंबाजवळच्या खांबाकडे बोट केलं. "आमाले फुकटच भेटला साहेब. खांब आला, वायर आली, बल्ब काई आला नाई. अर्ज करून करून थकलो."

"नका करू अर्ज," सर मनापासून म्हणाले. "हे आकाश जपायला पाहिजे."

याडी चुलीपाशी भाकरी थापत होती. तिनं मान न वळवता मला विचारलं, "तूच सांगतलं काय वं त्यायले, का इथं अंधार हाये म्हणून?"

मी म्हटलं, हव.

"चांगलं केलं. कोनाले तरी कामी आला."

आता कुलपांचं सांगते. दिवाळीनंतर तांड्यातली निम्म्याहून जास्त माणसं टोळ्या करून ऊसतोडीला जातात आणि चैत्राच्या सुमारास परततात. मागं राहतात म्हातारी माणसं. टोळी परत यायची असते त्या संध्याकाळी वेशीवरच्या लिंबाला काका घरातून वायर ओढून मोठा दिवा टांगतात, तो सकाळपर्यंत विझवायचा नाही. कितीतरी महिने बंद असलेल्या घरांची कुलपं उघडायची असतात, झोपलेली लेकरं उतरवायची असतात, शेळ्या, कोंबड्या, भांडी, खाटा. आपली वाट कोणी पाहत होतं, हे त्या दिव्यावरून दुरूनच कळतं. तांड्याचा हा नेम आहे. आम्ही पोहोचलो त्या आठवड्यातच टोळ्या परतत होत्या.

ईशानं कॅमेरा जुळवायला घेतला आणि सरांनी काकांना विनंती केली. तीन रात्री तेवढा वेशीवरचा दिवा नको. काकांनी कुलपं लावलेल्या घरांकडे नजर टाकली. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "पाहुण्यायचं काम हाये. नाई लावत."

भाकरी, अंबाडीची भाजी आणि मिरचीचा ठेचा खाताना काकांनी विचारलं की ज्यासाठी दिवा बंद केला ते असतं तरी कसं. मी दोन्ही तऱ्हा सांगितल्या. काका ऐकून म्हणाले, "म्हंजे एक आमच्या तांड्यावाणी अन् एक कोप्यायवाणी." कोपी म्हणजे फडावरची पालाची झोपडी. "हिवाळ्यात तांड्याचा पसारा तेवढाच, मानूस नाई. अन् तिकडं एका कोपीत अख्खं घर, वरून पाह्यलं तं एकच ठिपका."

याडी म्हणाली, "गुमान जेवा. आभाळातबी तुमाले तांडाच दिसते."

कॅमेरा एकदा जुळवला की रात्रभर आपोआप चालतो, माणसानं मध्येमध्ये उठून पाहायचं एवढंच. पहिल्या रात्री धुळीचं सावट राहिलं, फोटो मळकट आले. दुसऱ्या दिवशी अंधार पडता पडता पहिली टोळी आली. वेशीवर दिवा नव्हता. हेडलाइट असूनही ट्रॅक्टरवाल्याला वळण कुठं हे वेळेवर कळलं नाही. ट्रॉलीचं चाक नालीत गेलं, खाट, डबे, कोंबड्यांची डालगी सगळं खाली. माणसाला लागलं नाही, हे नशीब. ट्रॉली बाहेर काढायला ट्रॅक्टर मागं-पुढं करावा लागला आणि त्याच्या हेडलाइटचा झोत पुन्हा पुन्हा बरडीवर पडत राहिला.

सर धावत आले. "अहो, लाइट बंद करा! सगळ्या फ्रेम वाया गेल्या!"

ट्रॉलीतून एक बाई उतरत होती, कडेवर लेकरू, दुसऱ्या हातात शेळीचं दावं. ती म्हणाली, "कोन हाये हा? आमच्याच दारात आमाले लाइट बंद कर म्हणून राह्यला?"

त्या रात्री मी सरांशी भांडले. स्पष्ट सांगते, आवाज चढवून भांडले. म्हटलं, सहा महिन्यांनी घरी येणाऱ्यांनी आंधळ्यासारखं चाचपडत यायचं, का, तर तुमची फ्रेम खराब होते म्हणून? सर म्हणाले, "मी तुमच्याच डागासाठी आलोय ना?" ते खरं होतं, म्हणून राग दुप्पट झाला. ईशा मात्र केव्हाच नालीत उतरली होती. अंधारात कोंबड्या धरून डालग्यात टाकत होती.

तिसऱ्या रात्री कोणी येणार नव्हतं. आभाळ धुतल्यासारखं. पहाटेपर्यंत कॅमेरा अडखळला नाही.

शेवटचा दिवस

चौथ्या दिवशी दुपारी ओसरीत खाटेवर सरांचा लॅपटॉप. सगळ्या फ्रेम एकावर एक रचून झाल्या, आणि संगणकानं आकाश वजा केलं. ही या लोकांची कामाची रीत आहे. आकाश स्वतःही थोडं उजळ असतं, तो उजेड काढल्याशिवाय पुसट काही दिसत नाही. म्हणून संगणक फोटोचे चौकोन पाडतो, प्रत्येक चौकोनात सगळीकडे पसरलेला उजेड किती ते ठरवतो, त्याला आकाश म्हणतो आणि वजा करतो.

सरांनी माझ्या डागाची जागा मोठी करून दाखवली. तिथं काही नव्हतं. नुसती करडी वाळू.

"नाहीये," सर म्हणाले. वाईट वाटून म्हणाले, हेही लिहिते. "मान्य करायला हवं."

एका ओळीत काढून टाकलेलं आता माझ्या डोळ्यांसमोर दुसऱ्यांदा काढून टाकलं जात होतं, आणि तेही माझ्याच मुलखात. मी फोटो सरकवत राहिले. शेजारी समूहातली एक मोठी, ठळक दीर्घिका होती. तिच्याभोवती काळं कडं दिसत होतं, आकाशापेक्षाही काळं.

"सर, हे काळं कडं कशाचं?"

सर पुढं वाकले. आणि ईशा एकदम म्हणाली, "अरे देवा. चौकोन."

झालं होतं ते असं. ईशा नेहमी घट्ट दीर्घिका शोधते. तिला ठिपके हवे असतात, म्हणून तिचे चौकोन बारीक. तीच मापं तशीच राहिली होती. माझी दीर्घिका त्या चौकोनाहून मोठी. चौकोनभर तिचाच उजेड, मग संगणकानं तिलाच आकाश धरलं आणि वजा केलं. मोठ्या दीर्घिकेच्या कडाही तशाच खाल्ल्या, म्हणून ते काळं कडं. सरांनी स्वतः ती मापं पाहिली होती आणि त्यांना काही खटकलं नव्हतं. पसरलेलं आणि फिकं असेल ते काहीच नाही, हे आधीच ठरवून ठेवलेलं!

"म्हणजे यंत्राला विचारायच्या आधीच तुम्ही तिला नाही म्हटलं," मी म्हणाले.

सरांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला. चौकोन मोठे केले. संगणक घरघरत राहिला. याडी, काका, आम्ही तिघं, सगळे त्या पडद्यावर वाकलेलो. आणि करड्या वाळूतून तो डाग वर आला. पुसट, गोलसर, नेमका तिथंच.

मी काय केलं ते सांगत नाही. याडीनं पदर पुढं केला एवढं सांगते.

याडीनं मग डोळे बारीक करून पडदा पाहिला. "हे व्हय? एवढ्यासाठी तीन रोज दिवा बंद?"

"होय याडी. एवढ्यासाठीच."

"दिसते तरी कुठं बाई. पण तू म्हणतं तं असंल."

सर हसले, मग गंभीर झाले. "भटका उजेड नाही, हे मला पटतंय. पण चांगली रात्र एकच मिळाली. एका रात्रीवर मी यादीत टाकू शकत नाही, प्रश्नचिन्ह लावून ठेवावं लागेल. ती त्याच समूहातली आहे की जवळची, हे पुढं मोठ्या दुर्बिणीवर कळेल. पण आजची रात्र मिळाली, तर यादीत नक्की. आभाळ स्वच्छ आहे. उद्या मला परत जायलाच हवं."

आज शेवटची टोळी येणार होती. तिच्यात सुनीताचा भाऊ होता, त्याची बायको, याडीची नातवंडं.

आज कोण येतंय हे काकांना सांगायची गरज नव्हती. तरी ते म्हणाले, "पोरी, तू म्हणशीन तं आजबी नाई लावत. ट्रॅक्टरवाल्याले फोन करून सांगतो, सांभाळून ये म्हणून." याडी चुलीकडे वळली. मुलाच्या आवडीची लापशी शिजत होती.

सर माझ्याकडे पाहत होते. ईशाही. माझं नाव नसेल, पण माझी खूण त्या यादीत गेली असती. आमच्या खानदानात अशी खूण कुणी कधी केली नव्हती. आणि मला त्या क्षणी सरांचा नाही, साऱ्या मांडणीचाच राग आला. आम्हाला एक हवं असेल तर दुसरं आम्हीच सोडायचं, हे कोणी ठरवलं? पुण्यात कोणाला असा प्रश्न पडतो? तिथं दिवेही आहेत आणि दीर्घिकाही.

मी म्हटलं, "काका, लावा दिवा."

"विचार कर."

"केला. लावा."

सर उठले, आणि भिंगं दुपट्यात गुंडाळायच्या ऐवजी लिंबाकडे गेले. काकांनी फांदीवरून फेकलेली वायर त्यांनी खालून धरली. वर पाहून म्हणाले, "याच्यावर एखादं पत्र्याचं टोपलं लावलं, तर उजेड खालीच पडेल. आकाशात जाणार नाही." मी म्हटलं, "हे पहिल्या दिवशी सुचलं असतं तर?" त्यांनी वायर आणखी ताणून धरली. पण सकाळी निघायच्या आधी मानोऱ्याहून टोपलं आणून दिलं, हे मान्य करते.

माझी दीर्घिका अजून प्रश्नचिन्हासकट आहे. पुढच्या चैत्रात मी त्यांना पुन्हा बोलावलंय. तारीख टोळ्या परतल्यावरची, आणि ती मी ठरवणार.

त्या संध्याकाळी दिवेलागणीला दिवा लागला. बरडीवरून पूर्वेकडे पाहिलं तर कन्या रास फिकी पडली होती, आणि माझा डाग डोळ्यांना कधी दिसणारच नव्हता. थोड्या वेळानं वळणावर ट्रॅक्टर घरघरला आणि न अडखळता सरळ वेशीत आला. याडी ट्रॉलीपाशी धावली. सगळ्यात धाकटा नातू अर्धवट झोपेत, उतरायला पाय शोधत होता.

"सांभाळून उतर रे," याडी म्हणाली. "दिसते न?"

"दिसते याडी," वरून तिच्या मुलाचा आवाज आला. "लांबूनच दिसलं."